मूत्रपिंडातील गाठ आणि चरबीची खूण

मूत्रपिंडात गाठ आढळली, की घरच्या मंडळींच्या तोंडी पहिला शब्द येतो तो कर्करोगाचा. ही भीती अगदीच निराधार नव्हे. मूत्रपिंडातील बहुतेक भरीव गाठी कर्करोगाच्याच असतात. परंतु क्वचित आढळणाऱ्या काही गाठी निरुपद्रवी असतात. त्या वेळीच ओळखल्या, तर चांगले मूत्रपिंड शस्त्राखाली जाण्यापासून वाचते. सिल्वासा येथे वैद्यकीय महाविद्यालय झाले, २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याच्या नव्या वास्तूचे लोकार्पणही झाले. तरी हवेलीच्या पाड्यांवरील श्रमजीवी माणसाला अनावश्यक शस्त्रक्रिया म्हणजे बुडालेला हंगामच होय.

ही ओळख पटविण्यास सी. टी. स्कॅन उपयोगी पडतो. गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याच्या या यंत्राने १९७१ साली प्रथम एका रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. निरनिराळ्या कोनांतून क्ष-किरण सोडावयाचे, त्यांपैकी किती शोषले गेले ते मोजावयाचे आणि त्यावरून संगणकाने शरीराचा आडवा छेद रेखाटावयाचा, अशी ही रीत. छेदातील प्रत्येक बिंदूस एक अंक मिळतो. पाण्याचा अंक शून्य, हवेचा उणे १०००. चरबीचा अंक उणे १०० च्या आसपास.

सारी किमया या उणे अंकात आहे. अँजिओमायोलिपोमा ही गाठ रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांची बनलेली असते. गाठीच्या आत चरबीचा अंक निघाला, तर ती बहुधा हीच, असे वैद्य मानतात. चरबीबरोबर चुन्याचे कणही दिसले, तर मात्र ते सावध होतात. कारण तशा गाठीत कर्करोग असू शकतो. चरबी थोडी असल्यास जाड छेदात ती हरवते, म्हणून शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य देण्यापूर्वी पातळ छेद घेतलेले बरे. गाठ निरुपद्रवी ठरली तरी तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. ती चार सेंटीमीटरांहून मोठी झाल्यास तिच्यातील दुबळ्या रक्तवाहिन्या फुटण्याचे भय वाढते.

ऑन्कोसायटोमा ही दुसरी निरुपद्रवी गाठ अधिक चकवणारी. तिच्या मध्यभागी कधी कधी चांदणीसारखा वण दिसतो. पण तसाच वण कर्करोगाच्या गाठीतही दिसतो. तेथे सुईने कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, आणि कित्येकदा गाठ काढल्यावरच तिचे खरे नाव कळते.