सुरवंटाला पंख कुठून येतात?

पावसाळ्याच्या रात्री घरातल्या दिव्याभोवती पतंग घिरट्या घालतात. मुले विचारतात, "सुरवंटाला पंख कुठून आले?" आपण "कोषातून" असे सांगून मोकळे होतो. खरे तर पंखांचे इवलेसे अंकुर सुरवंटाच्या अंगात आधीपासूनच असतात. त्यांना वाढण्याचा हुकूम तेवढा मिळालेला नसतो.

हा हुकूम कोण देतो? पोलंडचे शास्त्रज्ञ स्टेफान कोपेच यांनी जिप्सी मॉथ या पतंगाच्या सुरवंटांवर प्रयोग केले आणि 1917 व 1922 साली ते प्रसिद्ध केले. सुरवंटाच्या कमरेला त्यांनी दोरा घट्ट आवळला. ठरावीक वेळेआधी आवळला, तर पुढचा भाग कोषात बदले, मागचा सुरवंटच राही. उशिरा आवळला, तर दोन्ही भाग बदलत. मज्जातंतू तोडले तरी बदल थांबत नसे. मेंदू वेळेआधी काढला तर मात्र थांबे. म्हणजे मेंदूचा निरोप मज्जातंतूंतून नव्हे, रक्तातून जात होता.

हा निरोप मिळाल्यावर छातीतली एक ग्रंथी एक्डायसोन नावाचे संप्रेरक, म्हणजेच हार्मोन, तयार करते. त्यामुळे सुरवंट कात टाकतो. पण सोबतीला ज्युव्हेनाइल हार्मोन भरपूर असेल, तर कात टाकूनही तो सुरवंटच राहतो. शेवटच्या टप्प्यात हे बालपण राखणारे हार्मोन ओसरते. मग एक्डायसोनमुळे कोष बनतो आणि पंखांचे अंकुर झपाट्याने वाढतात.

एक्डायसोन किती थोडे लागते पाहा! 1954 साली जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी रेशीमकिड्यांच्या सुमारे 500 किलो कोषांतून ते वेगळे केले, तेव्हा हाती आले जेमतेम 25 मिलिग्रॅम. हे पाहायला कोपेच हयात नव्हते. 1941 साली नाझींनी त्यांना गोळ्या घातल्या होत्या.

हुकूम एकच असला, तरी तो मानणारे अवयव वेगळे वागतात. ऑर्गिया जातीच्या पतंगांत नर आणि मादी दोघांनाही लहानपणी पंखांचे अंकुर असतात. कोषात नराचे पंख वाढतात, मादीचे मात्र त्याच एक्डायसोनच्या इशाऱ्यावर झडून जातात.

कोषातून नुकत्याच निघालेल्या पतंगाचे पंख चुरगळलेले असतात. तो त्यांत रक्त ढकलून ते पसरवतो, आणि आणखी एक हार्मोन त्यांना ताठ करते. मुलांना तेवढा वेळ दुरूनच पाहू द्या. हात लागला, तर पंख कायमचे वाकडे राहू शकतात.