आधी हवा मोजा, मग विहिरीत उतरा! तेलविहिरीवरचा नियम गावातही का हवा?

उन्हाळा लागला की सेलू तालुक्यातील वालूरसारख्या गावांत विहिरींचा गाळ काढण्याची लगबग सुरू होते. वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव प्रसिद्ध आहे. अशी बारव वरून मोकळी असते, हवा खेळती राहते. धोका जास्त तो अरुंद, खोल, बंद पडलेल्या विहिरीत आणि शौचालयाच्या झाकलेल्या टाकीत.

याच परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा येथे मे २०२३ मध्ये शौचालयाची टाकी साफ करताना ५ मजुरांचा जीव गेला. एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातील वाकडीत शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढायला एक जण उतरला, त्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा. ५ जण दगावले.

तेलविहिरीवर काय करतात?

समुद्रातील मुंबई हाय असो की जमिनीवरची तेलविहीर, खोदकाम करताना खालून मिथेन आणि काही ठिकाणी हायड्रोजन सल्फाइड वर येण्याची भीती असते. म्हणून विहिरीच्या तोंडाशी, खोदकामाचा चिखल चाळतात तिथे आणि कामगार उभे राहतात त्या फलाटावर गॅस ओळखणारे सेन्सर बसवतात. हवेच्या दहा लाख भागांत हायड्रोजन सल्फाइडचे साधारण १० भाग झाले की भोंगा वाजतो. वारा कुठून वाहतो हे दाखवणारी कापडी पिशवी उंचावर फडकत असते. पळायचे ते वाऱ्याच्या आडव्या दिशेने किंवा वाऱ्याच्या उगमाकडे.

वास आला की कळेलच ना?

इथेच घात होतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा. पण प्रमाण १०० भागांवर गेले की काही मिनिटांत नाक बधिर होते. वास थांबला म्हणजे गॅस गेला, असे माणसाला वाटते. ५०० च्या पुढे तर शुद्ध हरपायला वेळ लागत नाही. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडला वासच नसतो.

मग कंदील सोडून पाहण्याची जुनी पद्धत? कंदील विझला तर प्राणवायू कमी आहे एवढे समजते. पण माणसाला मारण्याइतका हायड्रोजन सल्फाइड असतानाही ज्योत जळत राहू शकते. आणि टाकीत मिथेन साचला असेल तर तीच ज्योत स्फोट घडवते. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की ठिणगी पुरते.

गावाने काय करावे?

तेलविहिरीवरचे कामगार खिशाला लावतात तसे चार गॅस मोजणारे छोटे यंत्र बाजारात मिळते. ते प्राणवायू, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड दाखवते. प्रत्येक घराला ते परवडणार नाही, ग्रामपंचायतीने एक घेतले तरी पुरे. नळी लावून वर, मध्ये आणि तळाशी अशी तीनदा हवा मोजावी, कारण मिथेन हलका आणि हायड्रोजन सल्फाइड जड. प्राणवायू साधारण २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली आकडा आला तर उतरायचे नाही. पंख्याने हवा भरून पुन्हा मोजायचे. आकडे ठीक आले तरी उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर माणसे हवीतच. आत कोणी कोसळलाच तर मागोमाग उडी न घेता दोराने ओढावे, ११२ ला फोन करावा.

शौचालयाच्या टाकीत तर सुरक्षा साधनांविना माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हाच आहे. आणि यंत्र घेतले तर ते कपाटात ठेवून विसरू नये. त्यातील सेन्सर दोन-तीन वर्षांत निकामी होतात. तेलविहिरीवर म्हणूनच कामाला लागण्याआधी थोडा गॅस सोडून यंत्र वाजते का, हे तपासतात.