४ लाख जळाले, क्लेम ७ लाखांचा?

दुकानाला आग लागली, ४ लाखांचा माल गेला. लगेच कुणीतरी कानात सांगतं, "७ लाखांचा क्लेम टाक, कंपनीला काय कळतंय?"

मित्रांनो, कळतं! सर्व्हेअर नुसती राख बघून जात नाही. खरेदीची बिलं, जीएसटी रिटर्न, बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट, सगळं जुळवून बघतो. (टॅक्स वाचवायला कमी दाखवलेला माल इथंच नडतो.)

खोटं सापडलं तर वरचे ३ लाखच कापतील असं समजू नका. 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' घेतली असेल तर तिच्यातली फ्रॉडची अट वाचा. खरे ४ लाखही हातचे जातात, वर पोलीस केस होऊ शकते.

आज शटर ओढण्याआधी बिलांचे फोटो काढून स्वतःलाच ई-मेल करा. आगीत रजिस्टरही जळतं.