चिलटाच्या लाल डोळ्यात

संत्र्याच्या हंगामात जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या बागांत गळालेल्या फळांवर बारीक चिलटं जमतात. आपण हात झटकतो आणि पुढे जातो. बागायतदाराचं खरं वैर फळाला डंख मारणाऱ्या फळमाशीशी. हे चिलट निराळं, आंबलेल्या फळावर जगणारं, जेमतेम तीन मिलिमीटरचं. शास्त्रज्ञ त्याला ड्रोसोफिला म्हणतात. भिंगातून पाहिलं की आधी नजरेत भरतात ते त्याचे विटकरी डोळे.

एका डोळ्यात साधारण 750 बारीक भिंगं, आणि प्रत्येक भिंगाखाली प्रकाश टिपणाऱ्या आठ पेशी. खरा खेळ या पेशींत चालतो. प्रकाशाचा कण रोडॉप्सिन या प्रथिनावर पडला की त्याची ठेवण बदलते. ते जी-प्रथिनाला जागं करतं, जी-प्रथिन फॉस्फोलायपेज-सी या विकराला, आणि हे विकर पेशीपटलातला पिप-टू हा स्निग्ध पदार्थ तोडतं. त्यासरशी पटलातली ‘ट्रप’ नावाची दारं उघडतात, कॅल्शियम आत शिरतं, संदेश मेंदूकडे निघतो. सगळं काही मिलिसेकंदांत. एवढी चपळाई येते कुठून? इनॅड नावाचं एक प्रथिन या कामकऱ्यांपैकी बऱ्याच जणांना एका जागी धरून ठेवतं, सुताराच्या बाकावर हत्यारं हाताशी मांडलेली असावीत तसं.

पण माझ्या मते चालू होण्यापेक्षा बंद होणं अधिक अवघड. आत आलेलं कॅल्शियमच दारं मिटायला लावतं. अ‍ॅरेस्टिन हे प्रथिन बदललेल्या रोडॉप्सिनला चिकटून त्याला गप्प करतं. मग नारिंगी प्रकाशाचा एखादा कण त्यावर पडला की रोडॉप्सिन मूळपदावर येतं. डोळ्यातलं लाल रंगद्रव्य नेमका तसा प्रकाश आत झिरपू देतं. लाल डोळे नुसते शोभेचे नाहीत.

ही यंत्रणा समजली ती बिघडलेल्या चिलटांवरून. 1969 मध्ये एडिंबरा इथं कोझेन्स आणि मॅनिंग यांना एक विचित्र वाण सापडलं. उजेड लागताच त्याचा डोळा प्रतिसाद देई, पण उजेड तसाच प्रखर राहिला की प्रतिसाद ओसरे आणि चिलट आंधळ्यासारखं वागे. बारूख मिंके यांनी या दोषाला ‘ट्रप’ हे नाव दिलं. 1989 मध्ये मॉन्टेल आणि रुबिन यांनी त्यामागचा जनुक वाचला. पुढे त्याच कुळातली दारं माणसातही सापडली. 1997 मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने शोधलेलं दार तिखटाने आणि उष्णतेने उघडतं. भाकरीवरच्या ठेच्याने जीभ पोळते ती त्याच्यामुळे. या कामासाठी ज्युलियस 2021 च्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

आपल्याकडेही या चिलटाच्या अभ्यासाचं घराणं जुनं आहे. ओबैद सिद्दिकी यांनी 1962 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. त्यातूनच पुढे बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस) जन्मलं. तिथला रघु पदिंजत यांचा गट चिलटाच्या डोळ्यातल्या एका वेगळ्याच प्रश्नामागे आहे. उजेडात पिप-टू सतत तुटतं. मग त्याची भरपाई कोण करतं? त्यात आरडीजीबी या प्रथिनाचा मोठा वाटा आहे. पेशीच्या आतल्या जाळ्यातला आणि बाहेरचा, असे दोन पडदे जिथं एकमेकांना जवळजवळ भिडतात, तिथं हे प्रथिन बसतं आणि कच्चा माल इकडून तिकडे पोचवतं. ते नसेल तर चिलट धड डोळे घेऊन जन्मतं, पण उजेडात प्रकाश टिपणाऱ्या पेशी झिजत जातात. म्हणजे ज्या उजेडासाठी डोळा आहे, तोच त्याला मारतो.

प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना एक विनंती. रवा, गूळ, अगर आणि यीस्ट शिजवून बाटलीत ओतलं, बुरशी धरू नये म्हणून थोडं प्रोपिऑनिक आम्ल घातलं, की चिलटं पोसता येतात. मुलांना नुसते लाल-पांढरे डोळे मोजायला लावून प्रात्यक्षिक आटपू नका. काचेच्या नळीचं एक टोक काळ्या कागदाने झाका, दुसऱ्या टोकाला दिवा धरा आणि मिनिटभराने किती चिलटं उजेडाकडे गेली ते मोजू द्या. लाल डोळ्यांची वेगळी, पांढऱ्या डोळ्यांची वेगळी.