आधी माप, मग माल!

जिन्याखाली, पार्किंगच्या कोपऱ्यात नाहीतर गावाकडे गोठ्याशेजारी ताडपत्री टाकून ठेवलेली एखादी आरएक्स १०० तुमच्या घरात आहे का? काकांची, मामाची, किंवा बाबांच्या कॉलेजच्या दिवसांतली? असेल तर ग्रुपमध्ये तुमचा भाव आधीच वधारलेला असणार. पण गाडी दारात असणं वेगळं आणि ती रस्त्यावर असणं वेगळं. पंचवीस किका मारून घाम निघतो, मेकॅनिक येऊन बघतो आणि म्हणतो, ‘इंजिनचं काम आहे. सामान मिळालं तर करू.’ खरा खेळ इथून सुरू होतो.

सामान शोधायला निघालेले बहुतेक जण दुकानात एकच प्रश्न घेऊन जातात : ‘ओरिजिनल आहे का?’ प्रश्न चुकीचा नाही, पण पहिला नाही. आपल्या इंजिनला नेमकं काय हवंय आणि किती मापाचं हवंय, हे आधी कळायला हवं. कारण इथे चूक झाली तर फक्त पैसे जात नाहीत. चुकीच्या मापाचा पिस्टन तापला, फुगला आणि ब्लॉकमध्ये अडकला, की इंजिन जॅम होतं. चालत्या गाडीत इंजिन जॅम झालं तर मागचं चाकही अडकतं. हायवेवर हे झालं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

गाडी बंद, मागणी चालू

एस्कॉर्ट्स कंपनीने जपानच्या यामाहाबरोबर १९८५ मध्ये आरएक्स १०० भारतात आणली. ९८ सीसीचं इंजिन, ११ हॉर्सपॉवर आणि गाडीचं वजन जेमतेम शंभर किलो. हलकी गाडी आणि चपळ इंजिन, म्हणून ती सुसाट सुटायची. १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. थोरली बहीण आरएक्स १३५ पुढे आणखी काही वर्षं तग धरून होती.

टू-स्ट्रोक मागे पडण्याचं कारण तिच्या रचनेतच आहे. या इंजिनात जळालेला धूर बाहेर ढकलायचं काम आत येणारं पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण करतं. त्यातलं थोडं मिश्रण न जळताच धुराबरोबर निसटतं. शिवाय इंजिनला वंगण म्हणून दिलेलं टूटी ऑइलही पेट्रोलबरोबर जळतं. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशा या गाड्या शोरूममधून दिसेनाशा झाल्या.

म्हणजे आज तुम्ही जो पार्ट शोधताय, तो तीनपैकी एका वाटेने तुमच्यापर्यंत येतो. एक, कंपनीचा जुना पण न वापरलेला माल, जो एखाद्या दुकानाच्या माळ्यावर पडून राहिलाय. दोन, दुसऱ्या उत्पादकांनी आता नव्याने बनवलेला माल. तीन, मोडीत निघालेल्या गाडीतून काढलेला माल. तिन्ही प्रकारांत चांगलं आणि वाईट दोन्ही मिळतं. त्यामुळे डबा बघून निर्णय घेऊ नका.

आधी आजार ओळखा

पिस्टन मागायच्या आधी सायलेन्सर उघडून बघा. गंमत नाही. टू-स्ट्रोकमध्ये जळालेल्या ऑइलचा कार्बन सायलेन्सरच्या आतल्या जाळीत आणि ब्लॉकच्या एक्झॉस्ट पोर्टमध्ये साचतो. धुराची वाट चोंदली की इंजिन गुदमरतं आणि पिकअप जातो. कितीतरी गाड्यांचं ‘इंजिनचं काम’ नुसत्या साफसफाईत उरकतं.

ते करूनही फरक पडला नाही तर लक्षणं बघा. किक एकदम हलकी जात असेल, आत दाबच तयार होत नसेल, तर रिंगा किंवा बोअर झिजलेत. वरून धातूचा कटकट आवाज येत असेल तर संशय पिस्टन आणि पिस्टन पिनच्या बेअरिंगवर. आवाज खालून, घणासारखा येत असेल तर कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइल कमी होतंय, तर उजव्या म्हणजे क्लचकडच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलंय. ॲक्सिलरेटर न देता इंजिन आपोआप रेस होतंय, तर डावीकडच्या, मॅग्नेटच्या बाजूच्या सीलमधून किंवा कार्ब्युरेटरच्या रबरातून जादा हवा आत शिरतेय. हे शेवटचं लक्षण सगळ्यात धोक्याचं. जादा हवा म्हणजे कमी पेट्रोल आणि कमी ऑइल. अशा इंजिनात नवा पिस्टन टाकलात तरी तोही जळणार.

पन्नास मिलिमीटरचा हिशोब

आरएक्स १०० च्या बोअरचा व्यास ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५० मिलिमीटर. बारावीच्या गणिताचीही गरज नाही, सिलिंडरच्या घनफळाचं सूत्र लावा, ९८ सीसी मिळतील. आरएक्स १३५ मध्ये स्ट्रोक तोच, पण बोअर ५८ मिलिमीटरचा. त्यामुळे ‘आरएक्सचा पिस्टन द्या’ एवढंच म्हणून भागत नाही.

आता खरी मेख. तुमची गाडी तीस-चाळीस वर्षांची आहे. तिचा ब्लॉक याआधी एकदा तरी घासून मोठा केलेला असण्याची दाट शक्यता आहे. ब्लॉक झिजला की तो लेथवाल्याकडे किंवा बोअरिंगच्या दुकानात नेऊन थोडा मोठा करतात आणि त्या मापाचा मोठा पिस्टन बसवतात. ही वाढ पाव-पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी होते : ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.००. जुन्या पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन खरवडलात तर बहुधा त्यावर ठोकलेला आकडा दिसेल. तो म्हणजे तुमच्या इंजिनाची पत्रिका.

आकडा दिसला तरी ब्लॉक मोजून घ्या. वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. झीज सगळीकडे सारखी नसते. साध्या व्हर्नियरने हे काम होत नाही, बोअर गेज लागतो. मेकॅनिकलच्या मित्रमैत्रिणींनो, मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला जे मायक्रोमीटर आणि बोअर गेज तुम्ही जर्नल पूर्ण करायला हातात धरता, ते यासाठीच आहेत. सरांची परवानगी काढा आणि ब्लॉक घेऊन जा. एखाद्या दुपारी सगळं कळेल.

पुढचा क्रम मात्र पक्का लक्षात ठेवा. माप घ्या, त्यावरून पुढची साइज ठरवा, त्या साइजचा पिस्टन बाजारात मिळतोय याची खात्री करा, तो विकत घ्या आणि मगच ब्लॉक बोअरिंगला द्या. पिस्टनही सोबत द्या. कारण पिस्टन आणि ब्लॉकमध्ये जी फट ठेवायची असते ती माणसाच्या केसापेक्षा बारीक, काही शतांश मिलिमीटरची असते. कारागीर हातातला पिस्टन मोजून त्याप्रमाणे ब्लॉक घासतो. आधी ब्लॉक मोठा केला आणि मग त्या साइजचा पिस्टनच मिळाला नाही, तर बसा बोंबलत.

शेवटची साइजही संपली असेल तरी हातपाय गाळू नका. या ब्लॉकला आतून बिडाची स्लीव्ह असते. ती काढून नवी घालता येते आणि इंजिन पुन्हा ५० मिलिमीटरवर आणता येतं. कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर असो की तुमच्या गावातलं जुनं लेथचं दुकान, अशी कामं करणारे हात अजून आहेत. बोअर मारल्यावर पोर्टच्या कडा हलक्या हाताने गोल करायला आठवणीने सांगा. धारदार कडेला रिंग अडकली तर तुटते.

जुनं ते सोनं? रबर सोडून!

पॅकबंद, कंपनीच्या जुन्या डब्यातला माल दिसला की आपण हरखून जातो. तो पिस्टन, गिअर किंवा क्लचचा भाग असेल, गंज नसेल आणि माप बरोबर असेल, तर जरूर घ्या. पण रबराला हा नियम लावू नका. वीस-पंचवीस वर्षं डब्यात पडलेलं ऑइल सील वापरलेलं नसलं तरी कडक झालेलं असतं. ‘ओरिजिनल’ म्हणून ते बसवलंत तर महिन्याभरात पुन्हा इंजिन उघडाल. सील आणि पॅकिंग ताजंच घ्या.

इथे एक सोय आहे. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे छापलेले असतात. बेअरिंगवरही नंबर कोरलेला असतो आणि तो जगभर सारखाच असतो. उदाहरणार्थ, ६२०४ या बेअरिंगचं आतलं भोक २० मिलिमीटरचं. अशा बेअरिंगमध्ये शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतलं माप मिळतं. म्हणजे या वस्तूंसाठी यामाहाचा डबा शोधत फिरायची गरज नाही. चांगल्या कंपनीचं, त्याच नंबरचं बेअरिंग कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. मात्र नंबरापुढची अक्षरंसुद्धा लिहून न्या. क्रँकच्या बेअरिंगवर बऱ्याचदा ‘सी ३’ असतं, म्हणजे आतली ढिलाई थोडी जास्त. साधं बेअरिंग तिथे गरम होऊन धरू शकतं.

कंपनीच्या पार्ट नंबरचंही असंच. यामाहाच्या नंबरात पहिली तीन अक्षरं मॉडेल सांगतात आणि मधले पाच आकडे भाग सांगतात. ११६३१ म्हणजे स्टँडर्ड पिस्टन. हे माहीत असेल तर दुकानदाराने दुसऱ्याच मॉडेलचा डबा पुढे केला तर लगेच कळतं.

बाजारात फिरताना

पुण्यात असाल तर नाना पेठ गाठा. मुंबईत चोर बाजार आणि कुर्ल्याच्या भंगार गल्ल्या आहेत, फक्त चोर बाजाराला शुक्रवारी जाऊ नका, बंद असतो. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. जाताना तुटका, झिजलेला पार्ट पिशवीत टाकून न्या. फोटोवर विसंबू नका. नवा पार्ट जुन्याशेजारी ठेवून बघा : भोकं जुळतात का, रिंगच्या खाचेतली पिन तिथेच आहे का, वजनात फरक जाणवतो का.

काढलेला माल घेताना एक गोष्ट कधीच विसरू नका. इंजिन नंबर क्रँककेसवर असतो. नंबर खरवडलेला, घासलेला किंवा नव्याने ठोकलेला दिसला तर फुकट दिला तरी घेऊ नका. आरएक्स १०० ला मागणी आहे, म्हणून ती चोरीलाही जाते. चोरीची वस्तू आहे हे माहीत असून घेणं हा गुन्हाच आहे. क्रँककेस बदलावीच लागली तर पावती घ्या आणि आरटीओत नोंद करून घ्या. १०० मध्ये १३५ चा ब्लॉक टाकायची हौस तर अनेकांना असते. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा मूळ स्वरूप बदलणारा फेरफार चालत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते.

‘आमची गाडी व्हिंटेज आहे’ हेही आरटीओत सांगू नका. २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी. तुमच्या आरएक्सला तोपर्यंत पंधरा वर्षांनंतरचं नोंदणी नूतनीकरण, पर्यावरण कर आणि पीयूसी चुकत नाही. इंजिन नीट बांधलेलं असेल तर धूरही कमी होतो, तेव्हा हे काम तुमच्या शेजाऱ्यांच्या फुप्फुसांसाठीही आहे.

इंजिन बसलं, आता घाई नको

पहिली किक मारण्याआधी ऑइल पंपाच्या नळीत हवेचे बुडबुडे नाहीत ना, ते बघा. गाडी इतकी वर्षं उभी होती, टाकीत ऑइल दिसलं म्हणजे ते इंजिनपर्यंत पोचतंय असं नाही. नवाकोरा पिस्टन पहिल्याच दिवशी जळण्याचं हे एक ठरलेलं कारण आहे. पहिले पाचेकशे किलोमीटर रेस मारू नका, मागे दोघांना बसवू नका, चढावर ताणू नका. आणि दोन बोटं कायम क्लचवर ठेवा. इंजिनचा आवाज अचानक जड झाला, गाडी मागून कोणी ओढतंय असं वाटलं, तर विचार करत बसू नका. क्लच दाबा आणि गाडी घरंगळत कडेला घ्या.

काम संपल्यावर एका वहीत लिहून ठेवा : कुठल्या साइजचा पिस्टन, सीलची मापं, बेअरिंगचे नंबर, बोअर कुणी मारला आणि कधी. ती वही गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा. पुढच्या वेळी ही गाडी जो कोणी उघडेल, मग ते तुम्ही असाल किंवा तुमची भाची, त्याचे निम्मे हेलपाटे वाचतील.