विश्लेषण : ‘एमआरसीईएम’ म्हणजे तज्ज्ञ डॉक्टर?

अपघात विभागातील काही डॉक्टरांच्या नावापुढे ‘एमआरसीईएम’ किंवा ‘एफआरसीईएम’ असते. ही ब्रिटनच्या ‘रॉयल कॉलेज ऑफ इमर्जन्सी मेडिसिन’ची अनुक्रमे सदस्यत्व आणि फेलोशिप. सदस्यत्वासाठी लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. फेलोशिपची परीक्षा त्यापुढची, वरिष्ठ प्रशिक्षणार्थींसाठी. तेथे या शाखेचे प्रशिक्षण साधारण ६ वर्षांचे असते. मात्र कायमस्वरूपी कन्सल्टंट होण्यास परीक्षा पुरेशी नाही; ‘जनरल मेडिकल कौन्सिल’च्या तज्ज्ञांच्या नोंदवहीत नाव लागते. भारतात ही स्वतंत्र शाखा म्हणून २००९ मध्ये मान्य झाली आणि तिची एमडी पदवीही आहे. त्यामुळे परदेशी परीक्षेचे शुल्क भरणाऱ्या तरुण डॉक्टरांनी आधी पाहावे : हाती पडणार ते सदस्यत्व, की तज्ज्ञ म्हणून नोंदणीचा हक्क?