गृहीत धरलेल्या आकड्यांचा हिशेब

बिद्री (ता. कागल) येथील दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याला ऊस घालणाऱ्या सभासदाला 'पायाभूत उतारा' नवा नाही. केंद्र सरकारचा रास्त व किफायतशीर दर या उताऱ्यावर ठरतो. २०१७-१८च्या हंगामापर्यंत तो ९.५ टक्के होता, पुढील हंगामात १० झाला आणि २०२२-२३पासून १०.२५ टक्के आहे. २०२५-२६साठी या उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे ठरले. उतारा १२ टक्के धरल्यास तोडणी-वाहतूक वजा होण्यापूर्वी टनाला ४,१५५ रुपये ५० पैसे होतात. मात्र संगणकात जुना ९.५ राहून गेला, तर हिशेब टनामागे सुमारे २६० रुपयांनी फुगेल!

पायाभूत उतारा निदान जाहीर तरी होतो. संगणकातील अनेक गृहीत मूल्ये आतल्या आतच राहतात. उपयोजन आणि माहितीसाठा यांना जोडणाऱ्या आज्ञावलीला 'ड्रायव्हर' म्हणतात. आज्ञावलीकाराने काही सांगितले नाही, की ड्रायव्हर स्वतःची मूल्ये वापरतो. ती वापरकर्त्याला नावानिशी उपलब्ध करून द्यावीत काय, हा वरकरणी क्षुल्लक प्रश्न आहे. कॅसान्ड्राच्या डेटास्टॅक्स जावा ड्रायव्हरच्या तिसऱ्या मालिकेत उत्तराची वाट पाहण्याची १२,००० मिलिसेकंदांची मर्यादा अशी खुली होती. दुप्पट मुदत हवी असणाऱ्याला 'मूळ मूल्याच्या दुप्पट' असे लिहिता येते. आकडा नकलून घ्यावा लागत नाही.

न दिसणारे गृहीतक महाग पडते. मोंगोडीबीचे ड्रायव्हर पूर्वी नोंद पोहोचल्याची पोच न घेताच पुढे जात. नोंद हरवली, तरी उपयोजनाला त्याचा पत्ता नसे. नोव्हेंबर २०१२मध्ये पोच घेणारा 'मोंगोक्लायंट' आला. जुन्या उपयोजनांचे वर्तन बदलू नये म्हणून नवे नाव द्यावे लागले.

मूल्य खुले करणे हेही एक वचनच. शिवाय जावात एक मेख आहे. स्थिरांकाचा आकडा संकलनाच्या वेळीच वापरणाऱ्याच्या आज्ञावलीत कोरला जातो. ड्रायव्हरची नवी आवृत्ती बसवली, तरी पुन्हा संकलन होईपर्यंत तेथे जुनाच आकडा चालू राहतो. त्यामुळे बदलण्याची शक्यता असलेले मूल्य स्थिरांकाऐवजी, विचारल्यावर उत्तर देणाऱ्या पद्धतीतून देणे अधिक सुरक्षित ठरते.